विश्लेषण : टेंभूचे आगरकर, त्यांचा ‘सुधारक’ आणि जिल्ह्यातले थंडावलेले छापखाने

टेंभू म्हटले की आज सातारा-सांगलीत उपसा सिंचन योजना आठवते. कऱ्हाडजवळ कृष्णेचे पाणी उचलायचे आणि टप्प्याटप्प्याने वर चढवत कडेगाव, खानापूर, आटपाडीच्या माळांवर न्यायचे, अशी ती योजना. त्याच टेंभूत १४ जुलै १८५६ रोजी गोपाळ गणेश आगरकर जन्मले. शाळेच्या पुस्तकात त्यांची ओळख समाजसुधारक एवढीच असते. प्रत्यक्षात त्यांच्या उमेदीची चौदा वर्षे खिळे, कागद, टपाल, थकलेली वर्गणी आणि कोर्टाची समन्से यांच्या संगतीत गेली. जिल्ह्याच्या गावी निघणाऱ्या दैनिकाचा स्वतःचा छापखाना असणे आता दुर्मीळ झाले आहे. त्याची कारणे सांगताना मोबाइल आणि कागदाचे भाव यांवर बोट ठेवले जाते, ते चूक नाही. मात्र छोटे वर्तमानपत्र कशावर चालते आणि कशाने मोडते, याची बरीचशी उत्तरे आगरकरांच्या आयुष्यातच सापडतात.

टेंभूपासून वर्तमानपत्रापर्यंत ते कसे पोहोचले?

घरची परिस्थिती अगदी बेताची. शिक्षणासाठी मुलगा कऱ्हाडला आजोळी राहिला. तिथली इंग्रजी शाळा तीन इयत्तांपुरती होती. पुढचे दार बंद झाले तेव्हा कऱ्हाडच्या कचेरीत उमेदवारी झाली, दवाखान्यात कंपाउंडरीही झाली. मध्येच शिकायला मिळेल या आशेने हा मुलगा घाट उतरून पायी रत्नागिरीला गेला. तिथे सोय लागली नाही, परत यावे लागले. शेवटी नातलगांच्या आधाराने अकोला गाठले आणि १८७५ मध्ये मॅट्रिक झाले. अकोल्यात विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे शिक्षक भेटले. तिथल्या ‘वऱ्हाड समाचार’ या पत्रात आगरकरांनी लेखनाला हात घातला तोही याच दिवसांत. म्हणजे त्यांची पत्रकारिता पुण्यात सुरू झाली नाही. ती एका जिल्ह्याच्या गावच्या छोट्या पत्रात सुरू झाली, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते शिष्यवृत्ती, बक्षिसे आणि मित्रांची मदत यांवर शिकले. अंगावर एकच सदरा, रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, ही त्यांची आठवण प्रसिद्ध आहे. दम्याचा विकार याच वयात मागे लागला. बाळ गंगाधर टिळक याच कॉलेजात भेटले. सरकारी नोकरी करायची नाही, शाळा काढायची, हा बेत दोघांनी मिळून केला. एम.ए.च्या उंबरठ्यावर असताना आगरकरांनी आईला पत्र लिहून सांगितले, की मुलगा मोठ्या पगाराचा साहेब होईल ही आशा तिने सोडून द्यावी. पोटापुरते मिळवून उरलेला वेळ तो लोकांच्या कामाला देणार आहे. कऱ्हाडच्या कचेरीत फुकट उमेदवारी केलेल्या मुलाला तेव्हाच्या एम.ए. पदवीची किंमत चांगली ठाऊक होती.

छापखाना स्वतःचाच का हवा होता?

विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि माधवराव नामजोशी यांनी १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. एम.ए. आटोपून आगरकर त्यांना मिळाले. शाळेपाठोपाठ दोन वर्तमानपत्रे काढायचे ठरले. इंग्रजी ‘मराठा’ २ जानेवारी १८८१ रोजी निघाला आणि मराठी ‘केसरी’ ४ जानेवारीला. ‘केसरी’ची संपादकी चोवीस वर्षांच्या आगरकरांकडे आली.

त्याआधी मंडळींनी एक जुना छापखाना विकत घेतला होता, त्याला नाव दिले आर्यभूषण. खिळ्यांच्या पेट्या या शिक्षक-संपादकांनी स्वतःच्या खांद्यावरून नव्या जागी वाहून नेल्या, अशी आठवण पुण्यात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. खिळ्यांची पेटी म्हणजे शिसे, त्यामुळे ते काम हमालांचे. तरी ही हौस परवडणारी होती, कारण दुसऱ्याच्या छापखान्यात छापलेले पत्र छापखानेवाल्याच्या मर्जीवर असते. बिल थकले की पत्र अडते. सरकारची वाकडी नजर झाली की छापखानेवाला आधी हात आखडतो. ‘केसरी’ निघाला तेव्हा लॉर्ड लिटनचा १८७८ चा देशी भाषांतील वर्तमानपत्रांवरचा कायदा अजून लागू होता. त्या कायद्याने मुद्रक-प्रकाशकाकडून जामीन मागता येई आणि छापखानाही जप्त होऊ शके. तो १८८२ मध्ये रद्द झाला.

त्याहून जुना एक कायदा मात्र टिकला. १८६७ च्या मुद्रणालये आणि पुस्तके नोंदणी कायद्याने मुद्रक आणि प्रकाशक यांना दंडाधिकाऱ्यापुढे प्रतिज्ञापत्र द्यावे लागे आणि छपाईचे ठिकाण प्रत्येक अंकावर छापावे लागे. अमक्याने अमक्या छापखान्यात छापून अमक्या गावी प्रसिद्ध केले, ही शेवटच्या पानावरची बारीक ओळ तिथून आली. संपादकाचे नाव छापण्याची सक्ती पुढे १९२२ मध्ये झाली. ती ओळ वाचक वाचत नाही, पण वकील सगळ्यात आधी तीच वाचतो.

देवनागरीत छापणे इंग्रजीपेक्षा महागही होते. इंग्रजीच्या जुळणीला शंभर-दीडशे प्रकारचे खिळे पुरत. काना, मात्रा, रफार आणि जोडाक्षरे धरून देवनागरीला ते चारशेच्या वर लागत. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागरने सुबक देवनागरी खिळे ओतायला सुरुवात केली होती आणि मराठी छापखान्यांत त्यांना मोठी मागणी होती. एकेक अक्षर खणातून उचलून ओळ भरणारा जुळारी, मुद्रिते तपासणारा शास्त्री, रुळाने शाई फिरवणारा आणि दांडा ओढणारा अशी माणसे रात्रभर राबली, की काही शे किंवा काही हजार प्रती तयार होत. अंक छापून झाला की खिळे पुन्हा सुटे करून आपापल्या खणात टाकायचे, पुढच्या अंकासाठी.

कोल्हापूर प्रकरणात नेमके काय झाले?

पत्र सुरू होऊन वर्ष होते न होते तोच आगरकरांच्या आयुष्यातला सगळ्यात प्रसिद्ध खटला उभा राहिला. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना वेडे ठरवून त्यांचा छळ होत असल्याच्या बातम्या येत होत्या. रोष होता दिवाण रावबहादूर माधवराव बर्वे यांच्यावर. कोल्हापूरहून काही पत्रे ‘केसरी’ आणि ‘मराठा’च्या हाती आली. दिवाणांचा कट सिद्ध होतो असे त्यांवरून दिसत होते. दोन्ही पत्रांनी जोरदार लेख छापले. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि प्रकरण मुंबईच्या हायकोर्टात गेले.

पत्रे बनावट निघाली. दोन्ही संपादकांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली, पण फिर्याद मागे घेतली गेली नाही. १७ जुलै १८८२ रोजी टिळक आणि आगरकर यांना प्रत्येकी चार महिन्यांची साधी कैद झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये चिपळूणकर वारले होते, त्यामुळे शाळा, छापखाना आणि दोन वर्तमानपत्रे अशा तिन्ही गोष्टी एकदम अधांतरी लोंबकळल्या.

खटला सुरू असताना दहा हजारांच्या जामिनाचा प्रश्न आला. तेव्हा जोतीराव फुले यांच्या शब्दावर त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे पुढे आले. फुल्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण, म्हणजे सातारा जिल्हाच. ‘केसरी’ची मंडळी आणि सत्यशोधक यांचे वैचारिक वाकडे होते आणि चिपळूणकरांनी तर फुल्यांवर अत्यंत बोचरे लिहिले होते. ते सारे बाजूला ठेवून फुल्यांनी वर्तमानपत्राच्या बाजूने वजन टाकले. मराठी पत्रसृष्टीच्या इतिहासातला हा मनाचा मोठेपणा ‘केसरी’च्या गौरवगाथांमध्ये नेहमी थोडक्यात आटपला जातो.

शिक्षेत सूट मिळून २६ ऑक्टोबर १८८२ रोजी दोघे सुटले. मुंबईच्या डोंगरीतल्या त्या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तक लिहिले. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे मराठी रूपांतरही तुरुंगात हाती घेतले. सुटकेच्या दिवशी तुरुंगाबाहेर लोकांची गर्दी होती, आणि खटल्याने ‘केसरी’चे नाव ज्या घरांत कधी पोहोचले नसते तिथे पोहोचवले.

बातमीदाराच्या नजरेने पाहिले तर हे प्रकरण एका चुकीचे आहे. कागद पारखून न घेता छापला गेला. पण चूक कोणाची आणि जबाबदार कोण, हे शोधायला कोणाला दूर जावे लागले नाही. लिहिणारे, छापणारे आणि शिक्षा भोगणारे एकच होते. छत्रपतींचा पुढे डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरला सरकारी देखरेखीत असताना, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत अंत झाला. बातमीचा पुरावा खोटा होता, तरी त्या तरुण राजाबद्दल लोकांना वाटणारी धास्ती खोटी नव्हती.

मग ‘केसरी’ का सोडला?

छापखाना आणि पत्रे सर्व मंडळींच्या सामायिक मालकीची होती. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाले, तोपर्यंत ही सामायिक मालकी फारशी खुपली नाही. त्याच सुमारास बालविवाह आणि वैधव्य यांवर बेहरामजी मलबारींच्या टिपणांनी वाद पेटला. रखमाबाईंचा खटला कोर्टात गेला. कायद्याने लग्नाचे वय वाढवावे का, नांदायला न जाणाऱ्या बायकोला सक्ती करावी का, या प्रश्नांवर आगरकरांचे मत स्वच्छ होते आणि बहुतेक सहकाऱ्यांचे त्याच्या उलट. संपादक एक बोलणार आणि मालक मंडळींपैकी बरेच जण दुसरे. त्यातून संपादकाला स्वतःच्याच पत्रात आपले लेख वैयक्तिक मत म्हणून वेगळे काढून ठेवण्याची पाळी आली.

ऑक्टोबर १८८७ मध्ये आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले. पुढे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ कर्जासह टिळकांकडे गेले आणि टिळकांनी ‘केसरी’ला कुठल्या कुठे नेले, तो इतिहास सर्वांना माहीत आहे. आगरकरांच्या वाट्याला काय आले, तर पत्र पुन्हा पहिल्या अंकापासून उभे करणे. वर्तमानपत्र कोणाचे, या प्रश्नाला वाचकांचे किंवा संपादकाचे असे उत्तर देण्याची पद्धत आहे. १८८७ मध्ये त्याचे खरे उत्तर छापखान्याच्या कागदपत्रांत होते.

‘सुधारक’चे पोट कशावर भरत होते?

१५ ऑक्टोबर १८८८ रोजी ‘सुधारक’चा पहिला अंक निघाला. मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघणारे हे साप्ताहिक होते. इंग्रजी बाजू बावीस वर्षांचे गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत. ज्या कोणत्या सुधारणा लोक खासगीत मान्य करतात आणि चारचौघांत नाकारतात, त्या उघड मांडायच्या, हा या पत्राचा बाणा होता. स्त्रियांचे शिक्षण, केशवपन, संमतिवय, सोवळेओवळे, पोशाख, मूर्तिपूजा असे विषय आणि त्यांवरचे निखळ बुद्धिवादी लेख. मराठी निबंधाला तर्काची सवय लागली ती बऱ्याच अंशी या स्तंभांतून.

पैशाची बाजू नेहमी ओढग्रस्तीची होती. त्या काळी साप्ताहिकाला मुख्य उत्पन्न वर्गणीचे, जाहिराती जुजबी. अंक टपालाने जाई आणि वर्गणी मागाहून येई, किंवा येतच नसे. थकबाकीदारांना विनवण्या करणाऱ्या सूचना त्या वेळच्या बहुतेक मराठी पत्रांत सापडतात. ‘सुधारक’ला आणखी एक अडचण होती. गावात पोस्टमन कोणाकडे कोणते पत्र टाकतो हे सगळ्या आळीला दिसते. कऱ्हाड-वाईसारख्या गावात भटजींच्या शेजारी राहून ‘सुधारक’ मागवायला छाती लागत असणार. उसना अंक वाचणे त्यापेक्षा सोपे, पण उसन्या अंकावर छापखाना चालत नाही.

पुण्यात विरोध टोकाला गेला. आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली आणि ती त्यांच्या दारावरून नेली. घरात पत्नी यशोदाबाई होत्या, लहान मुले होती. यशोदाबाई जुन्या वळणाच्या. पतीची मते त्यांच्यावर लादली गेली नाहीत, पण लोकांचा राग मात्र त्यांनाही सोसावा लागला.

दिवसा कॉलेज, रात्री लेख आणि मुद्रिते, आणि मधे दमा, असा दिनक्रम सहा-सात वर्षे चालला. वामन शिवराम आपटे वारल्यावर १८९२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्यपदही आगरकरांकडे आले. १७ जून १८९५ रोजी पहाटे ते गेले. वय अवघे अडतीस. अंत्यविधीसाठी कोणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुडीत बांधून ठेवलेले सापडले. टिळकांशी उभा दावा असूनही ‘केसरी’त त्यांच्यावर मनापासून लिहिले गेले.

‘सुधारक’ त्यानंतर काही वर्षे इतरांच्या हाताखाली चालला, पण पूर्वीचा जोर राहिला नाही. ज्या पत्राची सगळी पुंजी म्हणजे एका माणसाची लेखणी, ते त्या माणसाच्या दम्याइतकेच नाजूक असते.

तेव्हा सातारा-सांगलीत काय छापले जात होते?

पुण्याच्या कथेत जिल्हा मागे पडतो. प्रत्यक्षात छपाई या भागाला परकी नव्हती. मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरून भगवद्गीता छापली गेली ती १८०५ मध्ये, म्हणजे ‘दर्पण’ निघण्याच्या सत्तावीस वर्षे आधी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साताऱ्याहून ‘शुभसूचक’ निघे, वाईहून ‘मोदवृत्त’, इस्लामपुराहून ‘प्रतोद’. सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. इस्लामपूर, तासगाव ही साताऱ्याचीच ठाणी. सांगली आणि मिरज संस्थाने. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि त्याचे नाव १९६० मध्ये सांगली पडले.

आगरकर गेल्यानंतर दोनच वर्षांनी इस्लामपूरच्या ‘प्रतोद’वर राजद्रोहाचा खटला झाला. लेखाचा विषय होता कॅनडा आणि स्वातंत्र्याची तयारी. साताऱ्याच्या सत्र न्यायाधीशाने संपादकाला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली आणि मालकाला सात वर्षांची. अपिलात मुंबई हायकोर्टाने ती एक वर्ष आणि तीन महिने अशी खाली आणली. त्या पीठावर महादेव गोविंद रानडेही होते. तालुक्याच्या गावचे पत्र, त्याचा खप पुण्याच्या पत्रांच्या तुलनेत नगण्य, पण त्याच्या एका लेखासाठी हायकोर्टाचे तीन न्यायमूर्ती बसले. सरकारला ते पत्र छोटे वाटले नव्हते.

विसाव्या शतकात चित्र पसरले. साप्ताहिकांची जागा हळूहळू दैनिकांनी घेतली. कुंडल रोड स्टेशनाजवळच्या किर्लोस्करवाडीतून १९२० पासून निघालेले मासिक महाराष्ट्रभर गेले. रेल्वे, टपाल आणि मागे उभा असलेला कारखाना असेल तर खेड्यातूनही छापता येते, हे त्यातून दिसले. वाईत विश्वकोशाचे जाडजूड खंड छापले गेले. साताऱ्यात आणि सांगलीत चार पानी दैनिके उभी राहिली, त्यांच्या मागच्या खोलीत खिळ्यांचे खण आणि पुढच्या खोलीत संपादकाचे टेबल असे.

मग हे छापखाने थंडावले कसे?

पहिला धक्का मोबाइलचा नव्हता. खिळे जाऊन ऑफसेट आणि संगणकावरची जुळणी आली, ते १९८० आणि ९० चे दशक. जुळाऱ्यांची एक पिढी घरी बसली आणि खिळे मोडीत वजनावर गेले. वेब ऑफसेट यंत्र तासाला हजारोंनी प्रती काढते. तीन-चार हजार प्रतींच्या दैनिकाचे काम त्यावर काही मिनिटांत उरकते आणि उरलेला दिवस यंत्र रिकामे उभे राहते. शाई-पाणी जुळेपर्यंत सुरुवातीच्या शेकडो प्रती रद्दीत जातात, त्या वेगळ्या. मोठ्या खपाला हे नुकसान जाणवत नाही, छोट्याला ते रोज सोसावे लागते. म्हणून छोट्या दैनिकाने दुसऱ्या गावच्या मोठ्या यंत्रावर छापून घेणे हाच शहाणपणा ठरला. त्याची किंमत म्हणजे पाने लवकर सोडावी लागणे. रात्री उशिराचा अपघात, मतमोजणीचा शेवटचा फेर, धरणातून सोडलेले पाणी, अशा बातम्या उद्यावर जातात. परदेशी बातमी उद्यावर गेल्याने कोणाचे अडत नाही, पण गावच्या दैनिकाकडे विकायला दुसरे असते तरी काय?

दुसरे कारण मोठ्या दैनिकांच्या जिल्हा पानांचे. एकाच किमतीत जगाची बातमी आणि तालुक्याचीही मिळू लागली, तेव्हा चार पानी अंकाला वेगळे पैसे देण्याचे कारण उरले नाही.

तिसरे उत्पन्नाचे. आगरकर वर्गणीवर अडले, आजचे दैनिक जाहिरातीवर अडते. अंकाच्या किमतीतून कागदाचा खर्च आणि विक्रेत्याचे कमिशन वजा जाता फारसे हाती लागत नाही. उरते ते शासकीय जाहिराती, वकिलांच्या जाहीर नोटिसा, पतसंस्था आणि साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा, वाढदिवस आणि श्रद्धांजली. सहकाराच्या या पट्ट्यात ज्याच्याविषयी बातमी लिहायची त्याच्याच संस्थेची जाहिरात आतल्या पानावर असते. आगरकरांना ‘केसरी’त मालक सहकारी आडवे आले; आता आडवे यायलाही कोणाला लागत नाही, बातमी आधीच जरा सांभाळून लिहिली जाते. वाढदिवसाच्या जाहिराती तर मोबाइलवरच्या ‘स्टेटस’ने फुकटात नेल्या.

कागदाने कंबरडे मोडले ते वेगळे. आयात वृत्तपत्र कागदावर जुलै २०१९ मध्ये १० टक्के सीमाशुल्क लागले, ते पुढच्या अर्थसंकल्पात निम्मे झाले. पाठोपाठ करोना आला. एप्रिल २०२० मध्ये राज्यात काही दिवस घरोघरी वर्तमानपत्र टाकण्यावर बंदी होती. ज्यांनी त्या दिवसांत अंक थांबवला त्यांतले बरेच वाचक परतले नाहीत. नंतर युक्रेनच्या युद्धाने कागद आणखी महागला.

ऑगस्ट २०१९ चा महापूर या भागाने पाहिला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, कोल्हापूरजवळ महामार्ग बंद पडला. अशा वेळी माणसाला हवा असतो तो आपल्या पुलाचा, आपल्या गल्लीचा आकडा. तो मिळत होता मोबाइलवरच्या गटांतून. खरा, खोटा, कालचा आणि आजचा, सगळा एकत्र, खाली कोणाचेही नाव नसलेला. कोल्हापूर प्रकरणातले बनावट कागद छापणाऱ्यांचा पत्ता तरी अंकाच्या शेवटच्या पानावर होता.

कागदोपत्री आता काय बदलले?

आगरकरांनी ज्या १८६७ च्या कायद्याखाली ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ काढले, तो स्वतंत्र भारतातही चालू राहिला. १ मार्च २०२४ पासून त्याच्या जागी २०२३ चा प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा आला. दंडाधिकाऱ्यापुढे जाऊन प्रतिज्ञापत्र देण्याची रीत गेली, नोंदणी ऑनलाइन झाली. किरकोळ चुकांसाठीची तुरुंगाची तरतूद बहुतांशी दंडावर आली. छोट्या प्रकाशकाची दगदग त्याने नक्कीच कमी होते. पण नोंदणी सोपी झाली म्हणून थांबलेले यंत्र पुन्हा सुरू होत नाही.

बंद पडलेल्या पत्रांचे पुढे काय होते, यातही उजवे-डावे आहे. आगरकरांचे लेख निबंधसंग्रहांतून टिकले आणि त्यांच्या समग्र वाङ्मयाचे खंड राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढले. ‘प्रतोद’ला तसे कोणी भेटले नाही. इस्लामपूरच्या त्या पत्राचा सर्वात ज्ञात लेख आज इंग्रजी भाषांतरातून, कायद्याच्या निकालपत्रात वाचायला मिळतो, कारण तो न्यायालयापुढे पुरावा होता. मुंबई सरकार देशी पत्रांचे साप्ताहिक इंग्रजी गोषवारे गुप्तपणे तयार करून घेत असे, त्यांतही जिल्ह्यातल्या अनेक पत्रांच्या ओळी शिल्लक आहेत. ज्यांना ती पत्रे नको होती त्यांच्याच दप्तरात ती राहिली. नंतरच्या दैनिकांच्या बांधीव फाइली नगर वाचनालयांच्या माळ्यावर पडून असतात, पाने पिवळी आणि कडा मोडलेल्या. आणि जी दैनिके गेल्या काही वर्षांत छपाई थांबवून केवळ पीडीएफवर आली, त्यांचे अंक संकेतस्थळाचे वार्षिक भाडे भरले जाते तोवर उघडतात.